पुणे–भोर–वरंध–महाड–आंबेनळी–वाई: सायकलवरून घाट आणि गड

घाटमाथा

सह्याद्री एका घाटाने उतरायचा आणि दुसऱ्या घाटाने परत चढायचा, असा एक फेरा पुण्याहून सायकलवर करता येतो. दुसऱ्या एका धाग्यावर याबद्दल तुकड्यातुकड्यांत विचारणा होत होती, म्हणून सगळं एका जागी लिहितो.

वाट अशी: पुणे, कात्रजचा जुना घाट, कापूरहोळ, भोर, वरंध घाट, महाड. महाडहून पाचाडला जाऊन रायगड, परत महाड. मग पोलादपूर, आंबेनळी घाट, प्रतापगड, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई. वाईहून पुणे-सातारा महामार्ग न धरता मांढरदेवीचा घाट चढून पुन्हा भोर. रायगडची जा-ये धरून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास होतं. सवड असेल तर पाच दिवस घ्या. तीन दिवसांत पायांना जमेल, पण गड बघणं होणार नाही आणि मग या वाटेने जाण्यात काही अर्थ उरत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे गड घाटवाटांसाठी बांधलेले आहेत आणि ते समजून घ्यायचं तर घाट स्वतःच्या दमावर चढला-उतरला पाहिजे. वरंध घाटात कावळ्या किल्ला आहे. आजचा डांबरी रस्ता त्याची सोंड फोडूनच काढलाय, त्यामुळे हजारो लोक किल्ल्यातून जातात आणि त्यांना पत्ताच नसतो. वाघजाईच्या देवळाजवळ भजी-चहाच्या टपऱ्या आहेत, तिथे सगळे थांबतात. तुम्ही सायकल लावून जरा आजूबाजूला फिरा. कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. एवढ्या उंचीवर पाणी साठवायचं ते इथे बारा महिने माणसं राहावीत म्हणूनच. खाली कोकणात उतरणारी वाट नजरेच्या टप्प्यात, पाठीशी देश. भोरपासून दम टाकत इथवर आलेल्या माणसाला त्या टाक्यांचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही.

भोरपर्यंतचा टप्पाही घाईत उरकू नका. कापूरहोळ म्हणजे संभाजी महाराजांची दूधआई धाराऊ हिचं गाव. त्याच्या अलीकडे नसरापूरला आत वळलात तर बनेश्वर, नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देऊळ, दाट झाडीत. भोरमध्ये पंतसचिवांचा राजवाडा. भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. रस्ता वर-खाली होत राहतो, पण मोठा चढ असा लागत नाही, कारण आपण घाटमाथ्यावरच असतो. खरी उंची एकदम उतरते ती वाघजाईच्या पुढे.

चेनरिंग

फार उपयोगी धागा. सायकलच्या बाजूने थोडी भर घालतो.

पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर आणि चढ १३०० मीटरच्या आसपास. सरासरी काढली तर साडेतीन टक्क्यांच्या खालीच येते आणि तीच सरासरी बघून लोक गाफील राहतात. मधे सपाटी आहे, थोडे उतारही आहेत, म्हणजे उरलेल्या भागात चढ सरासरीच्या कितीतरी वर जातो. पुढे ३४ दात आणि मागे कॅसेटला (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) ३४ असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, म्हणजे साधारण २.१ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारलेत तरी ताशी साडेसात किलोमीटर. सामान लादून घाट चढताना हाच वेग धरून हिशोब करा. जुन्या रोड बाइकवर पुढे ३९ आणि मागे २५ असेल तर एकतर कॅसेट बदला (तेव्हा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तेवढे दात पेलतो का तेही विचारा), नाहीतर गुडघ्यांचा विचार करून दुसरी सायकल घ्या.

टायर २८ मिलिमीटर रुंदीचा तरी हवाच, ३२ बसत असेल तर उत्तम. वरंधला रुंदीकरणाच्या कामामुळे गेली काही वर्षं कुठे खडी, कुठे माती असं चाललंय.

नवखा५२

माझ्या सायकलला रिम ब्रेक आहेत, डिस्क नाहीत. वरंध उतरताना चालतील का? वय बावन्न, सिंहगड पायथा आणि कात्रज नियमित करतो.

चेनरिंग

@नवखा५२, चालतील, पण ब्रेक सतत दाबून ठेवायचे नाहीत. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकत्र दाबून वेग पुरता उतरवा, वळणात सोडून द्या. कायम घासत ठेवलेत तर रिम तापते, आतली ट्यूब तापते आणि ती फुटायची वेळ नेमकी वळणावर येते. उतारात मधेच थांबून रिमला बोट लावून पाहा. चटका बसला तर दहा मिनिटं थांबा, तेवढ्यात दरीही बघून होते. निघायच्या आधी ब्रेक पॅड नवे टाका आणि जुन्यांत रुतलेले धातूचे कण दिसले तर ते पॅड परत वापरू नका. हात ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, ठेवायची सवय कात्रजलाच करून घ्या, तिथून ब्रेकला जोर जास्त मिळतो.

सावित्रीकाठ

मी महाडचा. आमच्या गावावरून जाणारे सायकलवाले शिवाजी चौकात चहा घेतात आणि सरळ रायगडच्या रस्त्याला लागतात. घाटमाथा, तुमच्या वाटेत महाड दोनदा येतं, पण चवदार तळ्याचा उल्लेख नाही, म्हणून लिहितोय.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह या तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथेच मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षं चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. पाणी सार्वजनिक होतं, नगरपालिकेने ते सर्वांना खुलं असल्याचा ठरावही आधीच केला होता, तरी माणसांना ते ओंजळीने पिण्यासाठी लढा द्यावा लागला. घाट उतरून तुम्ही येता तेव्हा बाटल्या रिकाम्या असतात, पहिली नजर पाण्यावर जाते. त्या तहानेसह तळ्याच्या काठावर पाच मिनिटं उभे राहा.

दुसरं, गांधारपाले लेणी. गावापासून जवळच, मुंबई-गोवा महामार्गालगत. सावित्रीच्या खाडीतून महाडपर्यंत व्यापार चालायचा आणि इथून माल घाटांवर चढायचा. त्या वाटेवरचीच ही बौद्ध लेणी. पायऱ्या चढून वर गेलं की नदी, शेती आणि महाड एका नजरेत मावतं.

महाड ते पोलादपूर जाताना सावित्रीवरचा नवा पूल लागेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्यासोबत एसटीच्या दोन बस आणि आणखी वाहनं गेली. नवा पूल पुढच्या वर्षी जूनमध्ये सुरू झाला. आम्ही महाडकर अजूनही तिथून जाताना नदीकडे बघतोच.

आणि वरंध उतरून बिरवाडीकडे येताना तळिये गावाच्या बाजूचे डोंगर दिसतात. जुलै २०२१ मध्ये तिथली वाडी दरडीखाली गेली. पावसाळ्यात घाट बंद असल्याची सूचना असेल तर सायकल बारीक आहे, बॅरिकेडच्या कडेने निघून जाईल, असा विचार कृपया कुणी करू नका. हे मी हात जोडून सांगतो.

घाटमाथा

@सावित्रीकाठ, मनापासून आभार. चवदार तळं आणि गांधारपाले दोन्ही वाटेत धरा, असं सगळ्यांनाच सांगतो. रायगडचा दिवस पाचाडच्या चढापासून सुरू होतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी महाड नीट बघायला मोकळा वेळ असतो.

पावसाळ्याबद्दल शंभर टक्के सहमत. हा फेरा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावा. ऑक्टोबरात कोकणातला उकाडा आणि मार्चनंतर घाटातलं ऊन, दोन्ही अंगावर येतात.

रानजाई

आम्ही दोघी मैत्रिणी डिसेंबरात करायचा विचार करतोय. मुक्काम कुठे, आणि बायकांसाठी सोयी कशा आहेत हे कुणी स्पष्ट सांगेल का? अशा धाग्यांवर गिअरची चर्चा भरपूर असते, पण हा प्रश्न कुणी घेत नाही.

सावित्रीकाठ

ताई, रास्त प्रश्न आहे. महाडला एसटी स्टँडच्या परिसरात लॉज आहेत, काही ठिकाणी सायकल खोलीत नेऊ देतात, आधी फोनवर विचारून घ्या. रायगडाच्या पायथ्याला पाचाड आणि हिरकणीवाडीतही घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते, तिथे राहिलात तर पहाटे गड चढता येतो. भोर सोडल्यावर बिरवाडीपर्यंत मात्र मोठं गाव नाही. भोरला पोटभर खाऊन, पाणी भरून, सगळं आवरूनच पुढे निघा. घाटात मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते, तेव्हा घरच्यांना भोरहून फोन करून अंदाजे वेळ सांगून ठेवा. दुपारी तीनच्या आत वाघजाई सोडलं तर उजेडात महाड गाठाल.

कृष्णाकाठ

@रानजाई, मी वाईची, आणि घाटात एकटीनेही सायकल चालवते. महाबळेश्वर, पाचगणी, वाई या पट्ट्यात सोयींची चिंता नको. फक्त वार जपा. शनिवार-रविवारी पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते, आणि रविवारी दुपारनंतर उतरणाऱ्या गाड्यांमध्ये सायकल घालणं धोक्याचं आहे. मंगळवार ते गुरुवार घाट मोकळा असतो. पाचगणीहून सकाळी लवकर निघालात तर धोम धरणाच्या पाण्यावर धुकं असतं आणि वळणावळणाला वाई थोडी थोडी जवळ येते.

वाईत ढोल्या गणपती सगळेच बघतात. पण सायकल असेल तर मेणवलीला जायलाच हवं, जेमतेम तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा आणि मागे कृष्णेवरचा घाट. तिथल्या मेणेश्वराच्या आवारात एका छोट्या दगडी मंडपात मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधून आणलेली. जवळ जाऊन बघा, तिच्या अंगावर १७०७ हा आकडा आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. पोर्तुगीजांनी ओतलेली घंटा कृष्णेच्या काठावर महादेवाच्या देवळात अजून टांगलेली आहे. घाटाच्या पायऱ्यांवर बसून दशम्या खायला यासारखी दुसरी जागा नाही.

रात्रपाळी

धागा आवडला, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. "तीन दिवसांत केलं तर अर्थ उरत नाही" हे पटत नाही. मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, करतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, अशी वेळेची मर्यादा असते. अशा फेऱ्यांत घाट रात्री चढावा लागतो, गड अंधारात फक्त काळा आकार म्हणून दिसतो. तरी ती ओळखही खरी असते. आंबेनळीत पहाटे प्रतापगडाची आकृती आकाशावर उमटताना ज्याने बघितली, त्याला पुढे तो किल्ला दिवसा बघावासा वाटतोच. प्रत्येक वेळी थांबलंच पाहिजे असं नाही.

शिवाय दिशा. मी उलटा फेरा सुचवेन: वाईकडून महाबळेश्वर, आंबेनळी उतरून महाड, आणि वरंध चढून भोर. वरंधला आंबेनळीपेक्षा वाहनं कमी. लांब चढ मोकळ्या रस्त्यावर करावा, हे सुरक्षित.

घाटमाथा

@रात्रपाळी, तुमचा पहिला मुद्दा मान्य करतो. रात्रीच्या घाटाची ओळख वेगळी आणि तितकीच खोल असते, माझं वाक्य जास्तच ठाम झालं.

दिशेबद्दल मात्र माझं मत कायम आहे, आणि त्याला कारण सावलीचं आहे. आंबेनळीचा चढ सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो, त्यामुळे अंधार असतानाच पोलादपूर सोडलं तर बराच चढ डोंगराच्या सावलीत होतो. वरंधही पश्चिमेकडेच उतरतो, त्यामुळे हाच फायदा तिथेही मिळेल, हे खरं. पण वरंधच्या चढानंतर माथ्यावर मुक्कामाची जागा नाही, भोरपर्यंत जावंच लागतं. आंबेनळी चढलात की मधेच वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा, तिथे खायला मिळतं, दुपारी गड, आणि उरलेला चढ उन्हं कलल्यावर करून महाबळेश्वरला मुक्काम. दिवसाची आखणी आपोआप बसते.

या टप्प्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण संपूर्ण फेऱ्यात मला सर्वांत प्रिय तो हाच. पोलादपूरहून थोडं आत उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. सिंहगडावर १६७० साली ते पडले, समाधी इथे आहे. सिंहगड नेमाने चढणाऱ्या पुणेकर सायकलवाल्यांनी एकदा तरी उमरठला जावं, असं मला फार वाटतं.

पुढे जावळीचं रान सुरू होतं. १६५६ मध्ये शिवरायांनी जावळी घेतली आणि लगेच मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला. इतकी घाई कशासाठी? चढता चढता मागे वळून कोकणाकडे बघा आणि मग समोर बघा. देशावरून कोकणात उतरणारी पारघाटाची वाट या किल्ल्याच्या नजरेखाली आहे. जावळी ज्याच्या हातात, त्याच्या हातात बंदरांकडे जाणारा माल. अफझलखान वाईहून निघाला, रडतोंडीच्या घाटाने जावळीत उतरला आणि पारजवळ त्याचा तळ पडला. हत्ती, तोफा, उंट घेऊन. आपण दहा किलोचं सामान घेऊन चांगल्या डांबरी रस्त्यावर तीन तास झटतो, तेव्हा त्या सैन्याला इथे उतरवून घेण्यात महाराजांनी आधीच किती मोठी बाजी मारली होती, हे मांड्यांमधून कळतं. १० नोव्हेंबर १६५९ ला गडाखाली जे झालं ते सगळ्यांना पाठ आहे. पण ही जागा निवडण्यातला विचार ज्याने त्याने आपल्या श्वासाने मोजावा.

जमलं तर पार गावात उतरा. तिथे कोयनेवरचा जुना दगडी पूल आहे, शिवकालीन मानला जातो. परत चढावं लागतं, पण त्या पुलावरून सायकल ढकलत नेताना जो आनंद होतो त्यासाठी तेवढा चढ काहीच नाही.

रंकाळा

कोल्हापुरातून वाचतोय. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले रायगड आणि प्रतापगड तुमच्या वाटेवरच आहेत, राजगडही नसरापूरहून फार लांब नाही. आमच्याकडचा पन्हाळाही त्या यादीत आहे. कोल्हापूरहून पन्हाळा सकाळच्या फेरीला उत्तम: वीसेक किलोमीटर, शेवटचा चढ दमदार, आणि वर तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव. तिथून मलकापूर, आंबा करून विशाळगडाकडे जाता येतं. १६६० च्या पावसाळी रात्री पालखी घेऊन जी माणसं धावली त्यांची मूळ वाट रानातली, पायी जायची. डांबरी रस्ता बराच वळसा घेतो. तरी सायकलवर ते अंतर कापताना बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी काय केलं याची थोडी कल्पना येते. स्वतंत्र धागा काढतो.

नवखा५२

सगळं वाचून फार हुरूप आलाय. दोन प्रश्न. रायगड चढताना सायकल कुठे ठेवायची, आणि मांढरदेवी घाट खरंच पेलेल का? की वाईहून सुरूरला येऊन महामार्गाने यावं?

सावित्रीकाठ

रायगडच्या पायथ्याला एखाद्या हॉटेलवाल्याकडे नाश्ता करा आणि सायकल त्यांच्या ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवू द्या म्हणावं, आनंदाने ठेवतात. तरी कुलूप लावा. क्लीटचे (पॅडलला अडकणारे) बूट घालून पायऱ्या चढू नका, साधे रबरी तळाचे बूट सामानात ठेवा. गुडघे कुरकुरत असतील तर हिरकणीवाडीचा रोपवे आहे, पुढे घाट चढायचेत हे लक्षात ठेवून तो वापरा. आणि पाचाडला जिजाऊंची समाधी रस्त्यालगतच आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि जिजाऊ गेल्या १७ जूनला. आधी समाधीपाशी जाऊन मग गडावर जा. वर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर" ही ओळ कोरलेली आहे. एवढी राजधानी बांधणाऱ्या माणसाने आपलं नाव भक्तांचे पाय लागतील अशा ठिकाणी ठेवलं. ती पायरी शोधाच.

कृष्णाकाठ

@नवखा५२, महामार्ग नको. साताऱ्याकडून पुण्याला जाणारी वाहतूक खंबाटकीच्या बोगद्यातून जाते, तिथे ट्रकच्या मधे सायकल घालण्यापेक्षा मांढरदेवीचा चढ हजारपटीने बरा. चढ कडक आहे, पसरणीपेक्षा जास्त, पण अंतर कमी. लागला तर सरळ उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही. पहाटे निघा, दोन्ही बाटल्या भरलेल्या असू द्या, वरती काळूबाईच्या देवळाजवळ दुकानं आहेत. पलीकडे भोरकडे उतरताना वळणांवर बारीक खडी असते आणि सकाळी गुरं रस्त्यावर येतात, तेव्हा वेग आवरा.

फक्त पौषातल्या पौर्णिमेच्या यात्रेचे दिवस टाळा. तेव्हा लाखो भाविक येतात आणि दोन्ही बाजूंचे रस्ते गाड्यांनी भरलेले असतात. जानेवारीत येणार असाल तर आधी पंचांग बघा, मग रजा टाका.

नवखा५२

आभारी आहे. कॅसेट बदलायला टाकतो. रानजाई ताई, तुमच्या तारखा ठरल्या की इथे कळवा, मी आणि माझा भाचा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचं बघतोय. निदान भोरपर्यंत सोबत होईल.

रानजाई

नक्की कळवते. आम्ही मंगळवारी पहाटे पाचला कात्रजच्या जुन्या घाटाच्या पायथ्याहून निघायचं म्हणतोय, पुढचा-मागचा दिवा लावून.